अनाथ पिल्लांसाठी दूध पावडर, ताटली आणि लाल बल्ब: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्यापासून लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकराच्या पिल्लांवर हा संच वापरतोय. हात आखडता असेल तर पावडरीआधी बल्ब घ्या. नवजात पिल्लाच्या अंगात चरबी जवळपास नसतेच. ते गारठलं की पिणं सोडतं, रक्तातली साखर उतरते आणि पोटात दूध असूनही दगावतं. पहिले तीन दिवस बसायच्या जागी ३२ ते ३४ अंश हवेत, मग आठवड्याला साधारण दोन अंश कमी करायचे. २५० वॅटचा इन्फ्रारेड बल्ब वायरीवर न लटकवता साखळीने दीड-दोन फुटांवर टांगा. खाली पेंढा असेल तर आगीची भीती खरी आहे. पिल्लं एकमेकांवर चढली तर बल्ब खाली घ्या, कडेला पांगून धापा टाकू लागली तर वर. वीज गेली की गोणपाटात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या.

बरोबर आलेली निपलची बाटली आम्ही बाजूला ठेवली. डोकं वर करून पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. जड, उथळ ताटलीत अर्धा इंच कोमट दूध घ्या, दुधात बुडवलेलं बोट चोखायला देत तोंड खाली न्या. बहुतेक पिल्लं दिवसभरात शिकतात.

पावडर लिटरला १५० ग्रॅम, पण पाकिटावरचं प्रमाण आधी बघा. पाणी ४५ अंशांच्या आसपास हवं, गार पाण्यात गुठळ्या राहतात. सव्वा किलोच्या पिल्लाला दिवसाला २५०-३०० मिली, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. उरलेलं फेकून द्या. आंबलेल्या दुधाने हगवण लागते. गोड व्हावं म्हणून घरची साखर तर अजिबात नको, पहिल्या आठवड्यात ती पचवणारं विकरच पिल्लाच्या आतड्यात नसतं.

पावडर चिकाची जागा घेत नाही. डुकराच्या पिल्लाला गर्भात आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, आणि २४ तासांनंतर आतडं ती शोषत नाही. म्हणून पहिल्या सहा तासांत आईचा नाहीतर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या मादीचा चीक पोटात जायलाच हवा. मादी वीत असताना तो सहज पिळता येतो.

तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकाकडून २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन, दहाव्या दिवसापासून थोडं कोरडं खाद्य आणि स्वच्छ पाणी.

गोठ्यात एक-दोन दिवसांच्या फरकाने व्यालेली, रिकामे सड असलेली मादी असेल तर चीक पाजून पिल्लू तिलाच लावा. तेव्हा संचातला फक्त बल्ब लागेल.