उजेड एकच, एक्स्पोजर दोन: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी की मॅन्युअल?

एक्स्पोजर म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. पहिल्या मोडमध्ये भिंगाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) आपण ठरवतो आणि शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा; मॅन्युअलमध्ये दोन्ही आपणच ठरवतो. प्रश्न एवढाच, की रोजच्या वापरात डायल कुठे ठेवावा. मी बरीच वर्षं अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर काढली, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनवर, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेलं एक्स्पोजर कमी-जास्त करणाऱ्या डायलवर, अंगठा ठेवून. आता बहुतेक वेळा मॅन्युअलवर असतो. पहिल्या मोडला नावं ठेवायचा हेतू नाही. त्याने मला भरपूर चांगले फोटो दिले आहेत.

माझं मन फिरलं ते एका दुपारी. मावशी खिडकीशी बसली होती. अंगावर पांढरी शाल, चेहऱ्याच्या एका बाजूला मऊ उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, मागे अंधारी खोली. अ‍ॅपर्चर एफ २.८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००. जवळ जाऊन चेहरा आणि शाल एवढंच चौकटीत घेतलं, तर कॅमेऱ्याने शटर १/२५० सेकंद धरला. शाल राखाडी, चेहरा काळवंडलेला. चार पावलं मागे सरकलो, चौकटीत अंधारी खोली जास्त आली, आणि शटर थेट १/६० वर. आता शाल इतकी जळाली की विणीचा एक धागा दिसेना, आणि गालावरची ती सुंदर सावली फिकट होऊन गेली. मावशी जागची हलली नव्हती, खिडकीतला उजेड तोच होता. सरकलो होतो फक्त मी, आणि फरक पडला २ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

यात मीटरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेची, चूक म्हणता येणार नाही. त्याला वस्तूवर पडलेला उजेड कळत नाही, वस्तूवरून परत आलेला कळतो, आणि समोर जे असेल ते मधल्या राखाडीच्या आसपास आणायचा त्याचा प्रयत्न असतो. १९८३च्या निकॉन एफए कॅमेऱ्यापासून मीटर चौकटीचे भाग पाडून मोजू लागले, आता चेहरा ओळखून मोजणारे कॅमेरेही आहेत. फरक नक्की पडला आहे. पण शाल पांढरी म्हणून उजळ आहे की उजेड जास्त म्हणून, हे ओळखायला मीटर अजूनही चुकतो. कॉम्पेन्सेशनने हे सुधारता येतं, पण जवळच्या फोटोला अधिक १ आणि लांबच्या फोटोला उणे १ लागतं. प्रत्येक पावलाला आकडा बदलायचा, तर मग माणसाकडे बघायचं कधी?

मॅन्युअलमध्ये मी एकदाच मोजतो. स्पॉट मीटर (चौकटीतला छोटासा भागच मोजणारा) लावतो, आपला तळहात माणसाच्या चेहऱ्याजवळ, त्याच उजेडात धरतो, आणि मीटरचा काटा अधिक १ वर येईल असं शटर ठेवतो. तळहात मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, आणि अंगाचा रंग कोणताही असला तरी त्यात फारसा फरक पडत नाही, म्हणून ही युक्ती बहुतेकांना चालते. त्यानंतर मी जवळ जावो की लांब, चेहऱ्यावरचं एक्स्पोजर तेच राहतं. सावली किती गडद ठेवायची हेही मीच ठरवतो. माझ्या दृष्टीने हा फायदा सगळ्यात मोठा, कारण अंधारी खोली पाहिली की कॅमेऱ्याला ती उजळायचीच असते.

अर्थात माणूस खिडकीपासून आत सरकला, तर पुन्हा मोजावं लागतं. ढग धावत असतील, मुलं उन्हातून झाडाखाली आणि पुन्हा उन्हात पळत असतील, तर मॅन्युअलचा हट्ट धरू नये; तिथे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीच बरी, आणि मीही तेच करतो. एक सांगून ठेवतो: मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ (आयएसओ कॅमेऱ्यानेच ठरवायची सोय) चालू राहिला, तर निर्णय पुन्हा मीटरचाच होतो. एई लॉकचा, म्हणजे बटण दाबून मोजलेलं एक्स्पोजर धरून ठेवायचा, मधला मार्गही मी वापरून पाहिला. दोन-चार फोटोंपुरता छान आहे, पण बटण सुटलं की माप गेलं.

रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढलं तर दोन्हीकडच्या चुका बऱ्याच निस्तरता येतात, हे खरं. पण सावली उजळली की नॉइज (दाणेदारपणा) दिसतो, आणि पूर्ण जळालेला पांढरा काही केल्या परत येत नाही. शिवाय प्रत्येक फोटोची चूक वेगळी असेल, तर प्रत्येक फोटो वेगळा सुधारत बसावं लागतं. त्या दुपारचे फोटो एकमेकांशी जुळवताना माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

पुढच्या आठवड्यात मावशीला त्याच खिडकीशी पुन्हा बसवलं. शटर १/१२५ वर ठेवला आणि शेवटपर्यंत हात लावला नाही. ३१ फोटो, काही अगदी डोळ्यांजवळून, काही दारातून. एका फोटोत गालावरची सावली हवी तशी केली आणि तीच सेटिंग बाकीच्या ३० फोटोंना लावली. शालीची वीण सगळ्यांत दिसते आहे.