झेड-फोर गाडी हातची गेली आणि वर २ लाख ५१ हजारही गेले

शोरूमचं नाव लिहीत नाहीये, कारण वकील म्हणाला केस चालू आहे तोवर गप्प बस, उलट तुझ्यावरच अब्रुनुकसानी ठोकतील. एवढंच सांगतो की मुंबईत पश्चिम उपनगरात मेन रोडला काचेचं शोरूम आहे, आत लक्झरी गाड्या पॉलिश मारून उभ्या, कॉफी फुकट, आणि मालक कधीच भेटत नाही, कायम ‘दुबईला’ असतो. ओळखणारे ओळखतील.

गाडी होती बीएमडब्ल्यू झेड-फोर, ई-८९ बॉडी, २०१३ ची, ३५आय. तीन लिटर, सहा सिलिंडर, ३०६ बीएचपी, पत्र्याचं छप्पर बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जातं. आपल्याकडे ही गाडी मुळात आलीच कमी, त्यात चांगल्या कंडिशनची आणि महाराष्ट्र पासिंगची मिळणं म्हणजे नशीब. दिल्लीची जुनी गाडी स्वस्त मिळते पण मग एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, ती भानगड मला नको होती. ही मुंबईचीच. मागत होते ३१ लाख.

आता ‘एवढ्या पैशात नवीन गाडी आली असती की’ हे ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणून घ्या, पोलिसांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी म्हणून झालंय.

आणि मी काही डोळे झाकून गेलो नव्हतो. छप्पर चारदा उघड-बंद करून बघितलं, पहिल्यांदा उघडलंच नाही तर सेल्सवाल्याचा चेहरा पडला, मीच त्याला दाखवलं की डिकीतलं पार्टिशन खाली ओढल्याशिवाय ते चालत नाही. या इंजिनाचा हाय-प्रेशर फ्युएल पंप जगभर बदनाम आहे, २०१० मध्ये अमेरिकेत त्यासाठी रिकॉल झालेला, म्हणून माझा मेकॅनिक पुण्याहून नेला, स्कॅनर लावला, त्याचे ८,५०० वेगळे दिले. बाहेरून आयात केलेल्या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं री-रजिस्ट्रेशन १ एप्रिल २०२२ पासून ४०,००० झालंय, ते धरून भाव पाडला. मध्येच सेल्सवाला म्हणाला ‘सर, जीएसटी एक्स्ट्रा, अठरा टक्के’, तर त्याला तिथेच थांबवलं की बाबा जुन्या गाडीवर जीएसटी तुझ्या मार्जिनवर असतो, अख्ख्या किमतीवर नाही, आणि तो तू भरायचा. (हे लक्षात ठेवा, हा डाव सगळीकडे टाकतात.) गप्प बसला. शेवटी २८ लाख २५ हजारला तोडलं. टोकन ५१,००० क्यूआरवर, शोरूमच्याच नावाने, पावती मिळाली. इथपर्यंत कुणीही सांगावं माझं काय चुकलं.

एवढ्या जुन्या गाडीला कर्ज द्यायला बँका तयार नसतात, म्हणून एफडी मोडायला टाकली.

आता एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर फायनान्सरचं नाव दिसत होतं, म्हणजे एचपी (हायपोथिकेशन, कर्जाचा बोजा) चढलेली. विचारलं. तर सेल्सवाला अगदी सहज म्हणाला, हो सर, गाडीमालकाचं लोन थोडं बाकी आहे, २ लाख भरले की बँक एनओसी देते, एचपी उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का होतो, मग ट्रान्सफरचे फॉर्म २९-३० करून गाडी तुमच्या नावावर, आणि हे २ लाख किमतीतूनच वजा. यात खोटं वाटण्यासारखं काय आहे? निम्म्या जुन्या गाड्यांवर एचपी असते, प्रोसेस हीच असते. फॉर्मचे नंबर बरोबर, क्रम बरोबर. ज्याने फसवायचं ठरवलंय त्याला कागदपत्रं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

आणि मग ती वेळ. रात्री जेवण झालं, मेहुणा आला होता, टीव्हीवर मॅच चालू. सेल्सवाल्याने व्हॉट्सॲपवर खाते नंबर पाठवला, मी बँकेच्या ॲपमध्ये टाकला. आता १ एप्रिल २०२५ पासून आरबीआयने बँकांना सांगितलंय की एनईएफटी-आरटीजीएस करताना समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय द्या, तसं माझ्या ॲपने दाखवलं. शोरूमचं नाव नाही. बँकेचं लोन खातं नाही. एका बाईचं नाव, सेव्हिंग अकाउंट. मेहुणा शेजारून डोकावला आणि म्हणाला, ‘दाजी, ही बाई कोण?’ एवढा सरळ प्रश्न. मी सेल्सवाल्याला फोन लावला, पहिल्या रिंगला उचलला हरामखोराने, म्हणाला ‘सर, गाडीमालकाच्या मिसेस आहेत, लोनचा हप्ता त्यांच्याच खात्यातून कटतो, आज रात्रीत जमा झालं की उद्या सकाळी फोरक्लोजर, म्हणजे लोन बंद’. लगेच मागून दुसरा मेसेज, ‘हैदराबादची पार्टी २९.५० बोलतेय सर, मी तुमच्यासाठी थांबवलंय’. मॅचचा आवाज, मेहुण्याचं तोंड, हैदराबादची पार्टी, आणि माझ्या डोक्यात फक्त ती गाडी. २,००,००० कन्फर्म केले. बँक नाव दाखवतेय, घरातला माणूस विचारतोय, आणि मी त्या दोघांना सोडून विकणाऱ्याला विचारतोय की बाबा तू खरा का. अजून झोपेतून उठून ते नाव आठवतं, स्पेलिंगसकट. मेहुण्याने मात्र पुन्हा एका शब्दाने काढलं नाही, तेच जास्त लागतं.

पण मला सांगा, आपल्याकडे कोणता धंदेवाला बायकोच्या नावावर खातं ठेवत नाही? किराणावाल्याचा क्यूआरसुद्धा बायकोच्या नावाचा असतो. त्यामुळे ‘कळायला पाहिजे होतं’ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं पेमेंट हिस्टरी काढून बघावं. लोन बाकी असेल तर पैसे त्या बँकेच्या शाखेत जाऊन लोन खात्यावरच भरायचे, बँकेचं फोरक्लोजर लेटर हातात घेऊन. दुसऱ्या कुठल्याही खात्यावर एक रुपया नाही, मग मिसेस असो की मातोश्री.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. बँकेचा सर्व्हर डाऊन, मग एनओसी कुरिअरमध्ये, मग गाडीमालक गावाला. मध्येच म्हणतो हैदराबादवाला ऐकत नाही, तुम्ही २८.७५ करा. ५० हजार वाढवायलाही मी तयार झालो! मी म्हणत होतो की बाकीचे आत्ता आरटीजीएस करतो, फक्त एनओसीचा फोटो दाखव. तो फोटो काही आला नाही.

आणि एक दिवस ऑफिसमध्ये चहा पिताना इन्स्टावर त्याच शोरूमची रील आली. माझी गाडी. बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू, छप्पर खाली केलेलं, एक जोडपं केक कापतंय आणि मागे ढोल. तोच नंबर. मी ज्याला डिकीतलं पार्टिशन कसं लावायचं शिकवलं तोच सेल्सवाला हसत किल्ली देतोय.

तसाच निघालो मुंबईला. मॅनेजरने पावती उलटी करून दाखवली. मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं, ७ दिवसांत उर्वरित रक्कम न भरल्यास टोकन जप्त. मी म्हणलं रक्कम घेऊन बसलो होतो, तुम्ही एनओसी देत नव्हता! तर म्हणे तसं कुठे लिहिलंय का. आणि २ लाख? ‘सर, ते आमच्याकडे आलेच नाहीत, ज्या मॅडमना पाठवले त्यांना विचारा.’ मॅडम कोण? ‘आम्हाला काय माहीत.’ सेल्सवाला? ‘तो सोडून गेला.’ पावतीवर गाडीचा नंबरही नव्हता, नुसतं ‘बीएमडब्ल्यू व्हाइट’. टोकनच्या पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर, चासिस नंबर, ठरलेली किंमत आणि पैसे परत कधी मिळणार हे चार तपशील लिहून घेतल्याशिवाय खिशातून फोन काढू नका.

आता आपली यंत्रणा. पुण्यात पोलीस चौकीत गेलो, म्हणाले शोरूम मुंबईत, तिकडे जा. तिकडे गेलो, म्हणाले पैसे पुण्यातून गेले, तिकडे जा. मी म्हणलं साहेब, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठेही घडो, तक्रार घ्यावी लागते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच दोन लाख घेऊन पळालोय. मग ठरलेलं वाक्य: हे सिव्हिल मॅटर आहे. अरे एकच गाडी मला विकली म्हणून पैसे घेतले आणि दुसऱ्याला दिली, तिसऱ्याच बाईच्या खात्यात पैसे वळवले, न्याय संहितेचं ३१८, फसवणुकीचं कलम, अजून कशासाठी ठेवलंय? कॉन्स्टेबल म्हणतो, ‘साहेब, तुम्ही शिकलेले, चांगल्या घरचे, अठ्ठावीस लाखाची गाडी घेणारे, तुम्हाला दोन लाखाचं काय एवढं.’ म्हणजे स्पोर्ट्स कार बघणाऱ्याला लुटलं तर तो गुन्हा धरायचाच नाही का? ते २८ लाख मला कोणी ओवाळणीत घातलेले नाहीत. शेवटी साधा अर्ज घेतला. अर्ज द्याल तर दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का-तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका, नाहीतर तो अर्ज कधी दिलाच नव्हता असं होतं.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, त्यांनी तक्रार नंबर दिला, मग ‘तुम्ही समोरच्याला प्रत्यक्ष भेटला होता ना, मग हे सायबर कसं?’ बँक म्हणाली व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, नावही दाखवलं होतं. हे वाक्य ब्रँच मॅनेजरने दोनदा म्हणलं, चवीने. ती बाई कोण हे विचारलं तर गोपनीयता. चोराची गोपनीयता! आरटीओत गेलो. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, पाच वर्षांसाठी मिळतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की पोर्टलवर तशी नोंद करायची असते. मी विचारलं या शोरूमला आहे का प्रमाणपत्र. पहिल्या खिडकीवरून तिसऱ्या, तिसऱ्यावरून वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावरचे साहेब मीटिंगला, आणि शिपाई विचारतो ‘गाडी तुमच्या नावावर आहे का? मग तुमची तक्रार कशी?’ गाडी नावावर झाली असती तर मी इथे कशाला आलो असतो! नियम करून ठेवलाय आणि ज्यांनी पाळायला लावायचा त्यांनाच तो मला समजावून सांगावा लागला. तुम्ही मात्र शोरूममध्ये शिरल्यावर कॉफीच्या आधी ते प्रमाणपत्र मागा, लाजू नका.

त्यातल्या त्यात ग्राहक आयोग बरा. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मुंबईचे हेलपाटे वाचले, व्यवहार ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येते. मला वकिलाने सांगितलं की आपण दिलेली रक्कम धरायची, गाडीची किंमत नाही, म्हणून २,५१,००० वर केस टाकली. मेकॅनिकचे ८,५००, एफडी मोडल्याचा दंड १६,२०० आणि मनस्ताप वेगळा मागितलाय. रीलचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलंय. ते त्याच दिवशी केलं म्हणून वाचलो, नोटीस गेल्यावर रील गायब. चॅट ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायला लागलेत असं दिसलं की आधी एक्स्पोर्ट मारा, मग भांडा.

नोटीस मिळाल्यावर मॅनेजरचा फोन आला होता, ५१ मधले २५ हजार देतो, केस मागे घ्या. रेकॉर्डिंग ठेवलंय. पुढच्या महिन्यात तारीख आहे. पश्चिम उपनगरातल्या अशाच काचेच्या शोरूममध्ये लोन क्लोजरच्या नावाने कोणी बाईच्या खात्यावर पैसे टाकले असतील तर पावती आणि यूटीआर (बँक व्यवहाराचा) नंबर जपून ठेवा आणि मला सांगा. वकील म्हणतो आणखी दोघं जरी पुढे आले तरी ‘सिव्हिल मॅटर’ म्हणणाऱ्यांना गुन्हा नोंदवावाच लागेल.