गोव्यातून अगत्ती की पोर्ट ब्लेअर : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

लक्षद्वीप आणि अंदमान यांपैकी एकाची निवड करताना गोव्यातील कुटुंबे बहुधा भाड्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात वेळेपासून करावी. मोपाहून, म्हणजे पेडण्यातील विमानतळावरून, लक्षद्वीपमधील अगत्ती सरळ रेषेत सुमारे 575 किलोमीटर आहे, तर अंदमानातील पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचे श्री विजयपुरम, सुमारे 2,090 किलोमीटर. म्हणजे अंतर साडेतीन पटींहून अधिक आहे. मात्र वेळ त्या प्रमाणात वाढत नाही, आणि त्याचे कारण धावपट्टीत दडलेले आहे.

अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1,200 मीटरची आणि दोन्ही टोकांना समुद्र, त्यामुळे तेथे एटीआरसारखी पंख्याची छोटी विमानेच उतरतात आणि त्यांचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो. पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर विमानतळाची धावपट्टी सुमारे 3,300 मीटरची असल्याने तेथे ताशी 800 किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारी मोठी जेट विमाने उतरू शकतात. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे सुमारे 1,370 किलोमीटरचे अंतर जेट विमान साधारण सव्वादोन तासांत कापते. मोपा ते अगत्ती हे त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर कापायला एटीआरला जवळजवळ दीड तास लागतो. शिवाय आखूड धावपट्टीमुळे विमानातला भार मोजून ठेवावा लागतो, तेव्हा सामानाची मर्यादा तिकीट काढण्यापूर्वीच वाचून घ्यावी.

तरीही दारापासून दारापर्यंतच्या हिशेबात अगत्तीच सरस ठरते. फ्लाय 91 या विमान कंपनीने 2024 मध्ये मोपाहून अगत्तीची थेट सेवा सुरू केल्यामुळे कोचीचा वळसा टळला. फक्त विमान कोणत्या वारी आहे, हे पाहूनच रजा टाकावी. पोर्ट ब्लेअरसाठी चेन्नई, बंगळूर किंवा कोलकाता येथे विमान बदलावे लागते. चेन्नईमार्गे प्रत्यक्ष उड्डाण पावणेचार तासांचे असले, तरी मधला थांबा धरून अर्धा दिवस सहज जातो. दक्षिण गोव्यातील सासष्टी किंवा काणकोणच्या प्रवाशाने पेडण्यापर्यंतचा रस्ताही यात मिळवावा, कारण मडगावहून मोपाला पोहोचायलाच अगत्तीच्या उड्डाणाइतका वेळ लागू शकतो.

लक्षद्वीपसाठी भारतीय नागरिकालाही आगाऊ प्रवेश परवाना लागतो. पोर्ट ब्लेअरसाठी लागत नाही. त्यामुळे चार-पाच दिवसांची रजा असेल आणि परवाना हाती असेल तर अगत्ती, आठवडाभर सवड असेल तर अंदमान, असे मी सुचवेन.

एकाच सहलीत दोन्ही बेटे पाहण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. हे दोन विमानतळ परस्परांपासून सुमारे 2,245 किलोमीटरवर, दोन वेगवेगळ्या समुद्रांत आहेत आणि त्यांच्यामध्ये थेट विमान नाही. घड्याळ दोन्हीकडे एकच असले, तरी रेखांशात साडेवीस अंशांचा फरक असल्याने पोर्ट ब्लेअरला सूर्य सुमारे 80 मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास अंधारू लागते, म्हणून दुपारी उशिरा उतरणाऱ्याने त्याच दिवशी बोटीने स्वराज द्वीपाला (पूर्वीचे हॅवलॉक) पोहोचण्याचा बेत न आखता पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी.