थेंबाला बाराशे

सांगायला लाज वाटते, पण सांगते. मागच्या दिवाळीनंतर माझ्या उजव्या टाचेतून सत्तेचाळीस थेंब ‘पू’ निघाला आणि त्यापायी पन्नास हजार रुपये गेले. थेंब मी स्वतः मोजले.

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक भिजते, दुपारी एकपर्यंत मी ओट्यापुढे उभी. दिवसाला तीनशे पोळ्या, पोळीला दहा रुपये. पायाखाली फरशी आणि पाय अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही हे आईनं डोक्यात बसवलेलं. बावन्नावं लागलं आणि टाचेनं धरलं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. भिंत धरत मोरी गाठायची. दहा-पंधरा पावलांनी जरा मोकळं व्हायचं, पण जेवायला बसून उठलं की पुन्हा तेच.

जे जे कुणी सांगितलं ते केलं. वीट तापवून, तिच्यावर रुईची पानं ठेवून शेक घेतला. काट्याकाट्यांची अ‍ॅक्युप्रेशरची चप्पल आणली, तिनं तर डोळ्यांपुढे तारेच चमकले. एक्स-रे काढला, त्यात ‘हाड वाढलंय’ असं निघालं. गोळ्या दिल्या, गोळ्या असेपर्यंत बरं, संपल्या की मूळ पदावर. डॉक्टरांनी व्यायामाचा एक कागदही दिला होता, तो मी फ्रिजवर लावला आणि विसरले. असे आठ महिने गेले.

मग एका सकाळी भाजी घेऊन लंगडत येत होते, तर मागून हाक आली, ‘ताई, टाच का हो?’ बाई माझ्याच वयाच्या, सुती साडी, हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. म्हणाल्या, ‘माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं. सकाळी पहिलं पाऊल टेकवत नव्हतं ना? तेच ते. ऑपरेशन सांगितलं होतं, आता जिने चढतात.’ मी काही विचारलंही नव्हतं. ‘पहिलं पाऊल’ हे शब्द ऐकले आणि मला वाटलं, या बाईला कळतंय. आता कळतं की टाच दुखणाऱ्या बहुतेकांचं पहिलंच पाऊल दुखतं. त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी वैद्यांचा नंबर दिला. ‘आता गावी जाणार आहेत, लगेच फोन करा,’ म्हणाल्या. आणि अगदी सहज विचारलं, ‘दुपारी घरी कोण असतं?’

कोणी नसतं. मुलगा कामावर, सुनेची दुपारची पाळी. सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दोघे आले. मोठा पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. बरोबरचा पोरगा रेक्झिनची बॅग धरून. मोठ्यानं टाच दाबली आणि मान हलवली. ‘मावशी, आत पू साठलाय. हाड तिथूनच सडायला लागतं. आज काढला नाही तर पुढे पाय जाईल.’ फी विचारली तर हात जोडले. ‘आमची विद्या आहे, फी घेत नाही. थेंबामागे बाराशे, ते औषधाचे. पाच-सहा निघतील फार तर.’ मी मनात हिशोब केला, सहा थेंब म्हणजे सात हजार दोनशे. तेवढ्यात टाच बरी होणार असेल तर होऊ दे.

त्यानं एक पांढरा नॅपकिन मागून घेतला. टाचेला कसलंसं उग्र वासाचं तेल चोळलं, ब्लेडनं चार बारीक चिरा दिल्या आणि बोटभर लांब पितळी नळी त्यांवर टेकवून दुसऱ्या टोकानं तोंडानं ओढायला लागला. मग नळी नॅपकिनवर उलटी केली. पिवळट, दाट, रक्ताची तार असलेला थेंब. मला शिसारी आली आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, की इतके महिने हेच आत होतं तर! तेवढ्यात पोरगा म्हणाला, ‘मावशी, तुम्हीच मोजा हं. नंतर वाद नको.’

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून रेघा मारायला बसले. दहा झाले, वीस झाले. मी म्हटलं, पुरे आता. तो नळीतून तोंड न काढता बोटानं ‘थांबा’ म्हणाला. पोरगा समजावत होता, ‘अर्धवट सोडलं तर वर गुडघ्यात चढतं.’ पाचाच्या नऊ जुड्या आणि वर दोन रेघा झाल्या, तेव्हा नळी थांबली. छप्पन्न हजार चारशे. माझ्याच अक्षरात, माझ्याच रेघा. वाद घालायचा कुणाशी?

मग मला उठवून खोलीत दहा-पंधरा पावलं चालवलं. ‘हलकं वाटतंय ना?’ वाटत होतंच. दहा-पंधरा पावलांनी रोजच वाटायचं!

वरचे सहा हजार चारशे त्यानं ‘आईच्या वयाच्या आहात’ म्हणून सोडले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल-नसेल. गहू आणि सिलिंडरचे म्हणून बाजूला ठेवलेले बावीस हजार रोख दिले, अठ्ठावीस हजार फोनवरून. स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. तेही मी पाहिलं आणि तरी पिन टाकला. ‘तीन दिवस घरात कुणाला सांगू नका, विद्या उतरते,’ असं सांगून ते गेले.

संध्याकाळी नॅपकिन धुवायला घेतला. डागांवर साबणाची वडी घासली आणि पिवळे डाग एका क्षणात लालभडक झाले. हे मी आयुष्यभर बघत आलेय. भाजीचं फोडणीचं बोट पदराला लागतं, साबण लावला की पिवळ्याचा लाल होतो. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू करताना हळदीत चुनकळी घालतात ती त्याचसाठी. पुवाचा डाग साबणानं लाल होत नाही. मोरीत तशीच बसून राहिले. पाच हजार पोळ्या. सतरा दिवस. कणीक, गॅस, मजुरी काही न धरता.

तीन दिवस खरंच कुणाला सांगितलं नाही. विद्या उतरेल म्हणून नव्हे, तोंड नव्हतं म्हणून. चौथ्या दिवशी मुलानं पाय पाहिला.

अस्थिरोगतज्ज्ञांनी आधी चिरा पाहिल्या. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ती नळी आधी कुणाकुणाच्या रक्तात गेली असेल, म्हणून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या केल्या, तीन महिन्यांनी पुन्हा केल्या. सगळं ठीक निघालं. ‘तुम्हाला साखर नाही म्हणून वाचलात,’ म्हणाले. मधुमेहाच्या पायाला अशी चीर पडली तर ती चिघळून खरोखरच पाय जाऊ शकतो. मग कागदावर तळवा काढून दाखवला. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा जातो, त्याच्या टाचेकडच्या टोकाला ताण बसून इजा होते. प्लांटर फॅशिआयटिस. रात्रभर तो आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. पू असता तर टाच लाल, गरम, सुजलेली असती, रात्रभर ठणकली असती. आणि एक्स-रेतलं ते वाढलेलं हाड कितीतरी जणांना असतं, त्यांचं काही दुखतही नसतं. म्हणजे फ्रिजवरचा कागदच बरोबर होता.

आता पलंगावरून उतरण्याआधी उजवा पाय डाव्या मांडीवर घेते, बोटं नडगीकडे ओढून दहा आकडे मोजते, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ ठेवून पोटरी ताणते, दोन्ही पायांनी. दुपारी फ्रीझरमधली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवते. सगळ्यात जड गेली ती चप्पल. ओट्यापुढे चप्पल घालून पोळी लाटायची म्हणजे आईच डोळ्यांपुढे येते. शेवटी मऊ टाचेचा एक कोरा जोड फक्त स्वयंपाकघरापुरता ठेवला, तो उंबऱ्याबाहेर जात नाही. देवापुढे मात्र अजून अनवाणीच. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने ते वर्ष धीर धरा. पाच झालेत. कळ आहे, पण भिंत धरावी लागत नाही.

तक्रार केली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही कळवलं, पण चार दिवस उलटून गेले होते, खात्यातले पैसे केव्हाच काढून घेतलेले. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावलं. नोंदणी नसताना इलाज करणं हा महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्ट, १९६१ खाली वेगळा गुन्हा आहे, हेही तिथेच कळलं. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघता येतं, आयुर्वेदाच्या वैद्यांची कौन्सिल वेगळी आहे. मी त्याचं आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. रेघांचं पान मात्र पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलं. ज्या दोन नंबरांवर बोलले होते, ते दोन्ही बंद.

मेथीवाल्या बाईंना मी फडके रोडवर बरेच दिवस शोधलं. दिसल्या नाहीत.

परवा केंद्रावर दोघी-तिघींना हे सांगत होते. एक नेहमीच्या गिऱ्हाईक बाई, बोलायला एकदम कमी, दहा पोळ्या नि उसळ घेऊन जाणाऱ्या. बाकीच्या गेल्या तरी त्या थांबल्या. पैसे दिले, डबा पिशवीत ठेवला, आणि खाली बघत म्हणाल्या, ‘आमच्याकडे सासऱ्यांचा गुडघा होता. अडुसष्ट थेंब.’