आर काही महिने वापरल्यावर: न बोलावता लोड होणारी पॅकेजेस

आकडेवारीच्या कामासाठी गेले काही महिने रोज आर ही प्रोग्रामिंग भाषा आणि ती वापरण्यासाठीचा आरस्टुडिओ हा प्रोग्राम उघडते आहे. आलेख सुरेख निघतात, पॅकेजेस (तयार फंक्शन्सचे संच) फुकट मिळतात, हे कौतुक खरंच आहे. पण माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो सेशन उघडताच आधीच हजर असलेल्या पॅकेजेसनी.

ऑफिसच्या सामायिक संगणकावर डेटातल्या हव्या त्या ओळी निवडणारं साधं फिल्टर() चालवलं तरी 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' यायचं. हे फंक्शन ज्या पॅकेजचं, ते डीप्लायर तर लोड झालेलं दिसत होतं! जोडलेली पॅकेजेस क्रमाने दाखवणारं सर्च() चालवल्यावर उलगडा झाला: यादीत आरसोबतच येणारं स्टॅट्स हे पॅकेज डीप्लायरच्या वर होतं. होम फोल्डरमधल्या .आरप्रोफाइल या सेटिंग्जच्या फाइलमध्ये कुणीतरी लायब्ररी(डीप्लायर) ही पॅकेज जोडणारी आज्ञा लिहून ठेवली होती. आर सुरू होताना ही फाइल आधी वाचली जाते. स्टॅट्स, ग्राफिक्स, युटिल्स ही नेहमीची मंडळी त्यानंतर जोडली जातात. जे नंतर जोडलं जातं ते यादीत वर बसतं, आणि एकाच नावाची दोन फंक्शन्स असली तर वरचं चालतं. त्यामुळे नुसतं फिल्टर म्हटलं की टाइम सीरीजसाठीचं स्टॅट्सचं फंक्शन चालतं. डीप्लायर::फिल्टर() असं पूर्ण नाव लिहिलं की लगेच काम होतं, पण दुखणं त्या फाइलमध्येच असतं.

शंका आली तर टर्मिनलमधून आर --व्हॅनिला असं सुरू करून पाहा. त्यात प्रोफाइल फाइली आणि .आरडेटा (मागच्या सेशनमधली ऑब्जेक्ट्स साठवणारी फाइल) दोन्ही वगळले जातात. जादा पॅकेजेस तिथे दिसली नाहीत, तर शोध या फाइलींपुरताच उरतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळी .आरप्रोफाइल असेल तर होममधली वाचलीच जात नाही, हेही ध्यानात ठेवा. एका प्रोजेक्टमध्ये गडबड आणि दुसऱ्यात सगळं ठीक, याचं कारण बहुतेकदा हेच.

चालू सेशनची माहिती देणाऱ्या सेशनइन्फो()मध्ये शेवटी 'नेमस्पेसमार्फत लोड, पण न जोडलेली' अशी लांबलचक यादी येते. तिला घाबरू नका. ही पॅकेजेस मेमरीत असतात, पण सर्च()च्या यादीत नसतात; ती बहुतेक दुसऱ्या पॅकेजेसच्या गरजेपोटी आलेली असतात. कधीकधी मात्र जुन्या .आरडेटामध्ये साठवलेलं एखादं ऑब्जेक्ट स्वतःबरोबर आपलं पॅकेजही ओढून आणतं. म्हणून आरस्टुडिओच्या ग्लोबल ऑप्शन्समध्ये .आरडेटा परत आणण्याची खूण काढा आणि बाहेर पडताना साठवण्याचा पर्याय 'नेव्हर' ठेवा.

.आरप्रोफाइलमध्ये क्रॅनचा मिरर (पॅकेजेस उतरवून घेण्याचा सर्व्हर) वगैरे सेटिंग्ज खुशाल ठेवा. विश्लेषणाला लागणारी पॅकेजेस मात्र स्क्रिप्टच्या माथ्यावरच लिहा, नाहीतर तुमच्याकडे चालणारी स्क्रिप्ट सहकाऱ्याकडे पहिल्याच फंक्शनला अडते. आरस्टुडिओकडे माझं एकच मागणं आहे: .आरडेटाची ती खूण नव्या वापरकर्त्यासाठी मुळातच बंद असावी.