रिव्हर्ब शून्यावर, पेडल माळ्यावर: काही महिन्यांचा अनुभव

टेलिकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार), एक केबल आणि पाच वॉटचा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प. मधे पेडल नाही, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) नाही, काहीच नाही. गेले काही महिने घरी असंच वाजवतोय. "कोरडा आवाज कंटाळवाणा नाही वाटत?" असं सगळे विचारतात. सुरुवातीला वाटतो, चांगलाच वाटतो.

मग कान सुराच्या शेवटाकडे वळतात. रिव्हर्बमध्ये सूर कुठे सोडला ते मागच्या शेपटीत झाकलं जातं. इथे बोट उचललं की आवाज तिथल्या तिथे तुटतो. ई कॉर्डवरून ए कॉर्डवर जाताना पडलेली फट, जाड तारेवर बोट घासल्याची करकर, अर्धवट दाबलेल्या बी तारेचा ठक्क आवाज, सगळं उघडं. नको त्या तारा गप्प ठेवणं हेच निम्मं काम आहे. ऱ्हिदम वाजवणाऱ्याला यासारखा मास्तर नाही. डॉ. फीलगुड बँडचा विल्को जॉन्सन आणि एसी/डीसीचा माल्कम यंग यांच्या ऱ्हिदमला एवढी धार का, ते हाताला कळायला लागतं. दोघांचीही गिटार जवळपास थेट ॲम्पमध्ये.

इफेक्टची कामं आता व्हॉल्यूमचा नॉब करतो. ॲम्पचा आवाज जरा फाटेल इतका चढवायचा आणि गिटारवर सातपर्यंत उतरायचं, आवाज निवळतो. थोडी ट्रेबलही जाते. पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) आणि केबलची कपॅसिटन्स मिळून ती खातात. ट्रेबल ब्लीड कपॅसिटर लावून ते थांबवता येतं, पण मला तो मऊपणा आवडतो. पिक ब्रिजजवळ (तारा टेकतात त्या खालच्या पट्टीपाशी) नेलं की आवाज कडक, मानेकडे आणलं की गोल.

तसं पाहिलं तर ही गिटार कोरड्या ॲम्पच्याच काळातली. फेंडरचा वेगळा रिव्हर्बचा डबा आला १९६१ मध्ये, आणि आतच रिव्हर्बची स्प्रिंग बसवलेला त्यांचा पहिला ॲम्प, व्हायब्रोव्हर्ब, १९६३ मध्ये. टेलिकास्टर तोवर दहा वर्षांहून जुनी झाली होती.

तक्रारी आहेतच. सिंगल कॉइल पिकअपची (तारांखालच्या एकेरी चुंबकी कॉइलची) ५० हर्ट्झची, घरच्या विजेची गुणगुण दोन सुरांमधल्या शांततेत डोकं उठवते. खुर्ची जरा फिरवून बसलं की कमी होते. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर सहा तारांना तीनच सॅडल (तारा टेकतात ते तुकडे), त्यामुळे वरच्या फ्रेट्सवर सुरात थोडी तडजोड असते आणि तीही लपत नाही. आणि आपल्याकडच्या फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोल्या! टाळी वाजवली तरी टणटणतात. मी सतरंजी अंथरली, ॲम्प कोपऱ्यातून पुढे ओढला, मग बरं झालं.

सर्फ रॉक वाजवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, स्प्रिंग रिव्हर्बशिवाय त्यात काही उरत नाही. संथ, लांबवलेले सोलो मलाही अजून असे गोड लागत नाहीत. आणि रात्री हेडफोनवर वाजवणार असाल तर खुशाल थोडा रिव्हर्ब लावा. हेडफोनमध्ये खोली नसतेच, अर्ध्या तासात कान पकतात.