लेलँडीच्या उंच कुंपणाला बॅटरीवरचा लांब दांड्याचा ट्रिमर कितपत पुरतो?

ब्रिटनमध्ये घर घेतलं की पुष्कळदा मागच्या अंगणातली लेलँडीची रांगही गळ्यात पडते. ही आपल्या मयूरपंखीच्याच कुळातली, पण वर्षाला ७५ ते ९० सेंटिमीटर वाढणारी. दोन वर्षं हयगय केली की माणूसभर उंची वाढलेली असते. अशा कुंपणासाठी १८ व्होल्टचा लांब दांड्याचा ट्रिमर, म्हणजे दातेरी पात्याने फांद्या छाटणारं यंत्र, सर्रास घेतला जातो. तीन मीटरपर्यंतच्या, दरवर्षी कापल्या जाणाऱ्या कुंपणाला तो उत्तम. हाताबाहेर गेलेलं कुंपण ताब्यात आणायला मात्र तो कुचकामी.

कारण पात्याच्या दातांत आहे. दोन दातांमधली फट साधारण १६ ते २० मिलिमीटरची असते, पण खरं सफाईने कापलं जातं ते पेन्सिलीएवढं कोवळं लाकूड. त्याहून जाड फांदी फटीत अडकते, पातं थांबतं, आणि ओढाताण केली की गिअरवर ताण येतो. शेंड्याच्या जाड खोडाला करवतच हवी.

विकत घेताना सगळे पोच विचारतात. विचारावं वजन, आणि तेही कुठे आहे ते. पावणेचार किलो ऐकायला किरकोळ वाटतं. पण बऱ्याच मॉडेलांत मोटर पात्यापाशी असते, आणि दांडा पूर्ण लांबवला की तो भार मनगटावर येतो. दुकानात दांडा पूर्ण उघडून, ट्रिमरचं डोकं काटकोनात वळवून दोन मिनिटं छातीच्या उंचीवर धरून बघा. खांद्याचा पट्टा नसलेलं मॉडेल घेऊच नये. २.५ अँपिअर-तासाची बॅटरी दाट कुंपणात अर्धा-पाऊण तास चालते. तेवढ्यात हातही भरून येतात, त्यामुळे दुसरी बॅटरी लगेच घ्यायची गरज नाही.

कापताना बाजू खालून वर घ्यायची, म्हणजे कापलेलं मोकळं खाली पडतं आणि पुढचं दिसतं. पाया रुंद, माथा अरुंद ठेवायचा. नाहीतर खालच्या भागाला ऊन मिळत नाही आणि तो उघडा पडतो. माथा शेवटी, दोरी ताणून. हव्या उंचीच्या १५ सेंटिमीटर खाली शेंडा कापला की बाजूच्या फांद्या वाढून तो घाव झाकतात. आतल्या तपकिरी लाकडापर्यंत पातं नेलं तर संपलंच: लेलँडी तिथून पुन्हा फुटत नाही, भोक कायमचं राहतं. (यू नावाचं सदाहरित झाड असतं तर फुटलं असतं.) उंची फार कमी करायची असेल तर एप्रिलमध्ये, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही.

कापलेलं टोक जवळून बघा. धारदार पात्याचा काप सपाट, हिरवा दिसतो. बोथट पातं टोक चावतं. तंतू लोंबतात आणि आठवड्याभरात सगळा पृष्ठभाग करपल्यासारखा होतो. बऱ्याचदा दोष धारेचा नसून चिकाचा असतो. राळ दातांवर साचून पाती एकमेकांना घासतात. दर वापरानंतर बॅटरी काढून राळ विरघळवणारा फवारा मारायचा, ब्रशने घासायचं, मग तेल. हा चीक कातडीलाही झोंबतो; हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा हवाच. वीजतारेजवळ हे यंत्र अजिबात नेऊ नये.

मार्च ते ऑगस्ट हा घरट्यांचा मोसम, म्हणून आधी फांद्या बाजूला करून आत बघावं. वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि इंग्लंड-वेल्समध्ये दोन मीटरवरच्या सदाहरित कुंपणाने उजेड अडला तर शेजारी २००३ च्या कायद्याखाली कौन्सिलकडे तक्रार करू शकतो.

कुंपण साडेतीन मीटरच्या वर किंवा दीड मीटरहून रुंद असेल तर हे यंत्र घेऊ नका. जमिनीवरून माथ्याचा मधला पट्टा सुटतोच, आणि साध्या शिडीवर चढून ते चालवणं म्हणजे हातपाय मोडून घेणं. तिथे मऊ जमिनीवर पक्की बसणारी तीन पायांची शिडी आणि आखूड ट्रिमर हाच जोड बरा. तिसरा पाय सरळ झाडीत शिरतो.